गळती

सही केली तर मला मेडिकल डायरेक्टरची खोली, गाडी आणि बोर्डात खुर्ची. खर्च एकच: डॉ. नूतन गवंडे. तिची गळती बहात्तर टक्के. तपासायला आलेला पेशंट ॲडमिट न होता घरी गेला, की आमचं मॅनेजमेंट त्याला गळती म्हणतं. तिला काढण्याचं पत्र चारपर्यंत सही होऊन हवंय. जेवण अंगावर आलंय. डॉक्टर्स रूमच्या सोफ्यावर मी जरा डोळे मिटतो.

सोफा कडक लागतो. तो जुन्या ओपीडीतला लाकडी बाक आहे, आणि शेजारी पेंढरकर सर, पेशंटसारखे. हे हॉस्पिटल त्यांनी उभारलं, मुलांनी कंपनीला विकलं. सर जाऊन सहा वर्षं झाली.

"काय होतंय, सर?"

"मेल्यापासून तसं काही नाही रे. जरा जळजळतंय. तुझी डायरेक्टरकी पचत नसेल."

मी त्यांचं पोट तपासतो. काहीही नाही. अशा पेशंटच्या केसपेपरवर सर 'घ. जा.' लिहायचे. घरी जा. फी नाही. नूतन ते त्यांच्याकडूनच शिकली.

बाक लांबत जातो, बोर्डरूमचं टेबल होतो. मॅनेजमेंटची माणसं गळ्यात स्टेथोस्कोप घालून बसलीत. आम्ही दोघं दाराशी, हातात टोकन.

"पूर्वी हे माझ्या दाराशी असायचे," सर कुजबुजतात. "सर, कापूस संपलाय, मागवू का?"

"आता आपण विचारतो, कापूस वापरू का."

"नूतनला काढतोयस म्हणे."

"मी कुठे, सर? आकडा काढतोय."

"आकड्याला सही येते होय रे?"

बोर्डरूमच्या पडद्यावर माझं नाव लाल होतं: एक बेड रिकामा. सर कागद पुढे करतात. "चल, 'घ. जा.' लिही. जाऊ दे मला."

मी लिहितो. हाताला सवय आहे.

सर वाचतात आणि पोट धरून हसतात. "अरे गाढवा, मेलेल्यालाही ॲडमिट केलंस!"

मग हसणं थांबतं. "आता घरी न्यायला कुणी येणार नाही रे मला."

जाग येते. पावणेचार. मांडीवर ॲडमिशनचा फॉर्म, अक्षर माझंच: पेंढरकर, निरीक्षणासाठी, दोन दिवस. शाई बोटाला लागते.

फॉर्म खिशात घालतो. पत्रावर सही करतो.

मिळालं: मला खोली, कंपनीला भरलेले बेड. किंमत भरली: नूतननं, आणि उद्या साध्या खोकल्यासाठी जो कोणी येईल त्यानं.