अण्णांची डावी बाजू

पुण्याला नोकरीसाठी निघाले त्या सकाळी माझ्या वडिलांनी, अण्णांनी, मला मोटारसायकलवरून कुंभारीहून सोलापूरच्या एसटी स्टँडवर सोडलं. मांडीवर बॅग, बॅगेत पदवीचं प्रमाणपत्र. वाटभर मी नेहमीसारखी सांगत होते, "अण्णा, डावीकडनं ट्रक. डावीकडं म्हैस." त्यांचा डावा डोळा कधीच गेला होता. कॉलेजची तीन वर्षं त्यांनी मला असंच पोचवलं, आणि मी त्यांचा डोळा झाले. एसटी लागली तेव्हा म्हणाले, "मागं बघू नको, पोरी. तोल जातो."

घरातली मी पहिली पदवीधर, ती त्यांच्यामुळं. रिकामं बसलं की माणूस गंजतो, असं ते म्हणायचे. म्हणून बाईक टॅक्सीच्या ॲपवर त्यांचं नाव मीच नोंदवलं. दृष्टी चांगली आहे का, या प्रश्नापुढं 'होय' मीच लिहिलं.

पुण्यात मीही रोज अनोळखी माणसामागं बसून ऑफिसला जाते, मान मोबाईलमध्ये. एकदा सिग्नलला वर पाहिलं. अण्णांच्या मागंही असंच कुणीतरी बसत असणार. त्यांना डावीकडचं कोण सांगतं?

दिवाळीला गेले तर गाडीला डावा आरसा नव्हता. सोलापुरात नवी पेठेत हातगाडीला लागून तुटला, आई म्हणाली. अण्णा हसले. "गाडीला रस्ता ठावं हाय की."

त्यांच्यामागं बसून बाजारात गेले. डावीकडचं सगळं सांगितलं. उजवीकडनं रिक्षा आली, ती सांगितली नाही. तशी गरज कधी पडलीच नव्हती. रिक्षावाल्यानं करकचून ब्रेक मारला, शिव्या दिल्या. अण्णांनी विचारलं, "कोण व्हतं गं?"

काम सुरू करण्याआधी ॲपला रोज चेहरा दाखवावा लागतो. दुसऱ्या दिवशी फोन मी धरला. अण्णा भिंतीकडं बघत होते.

"अण्णा, हिकडं बघा की."

"बघतोय की."

आईनं त्यांची हनुवटी धरली आणि चेहरा फोनकडं वळवला. रोजच्या सवयीनं.

मी ॲपवरचं खातं बंद केलं, डॉक्टरांची वेळ घेतली, गाडीची किल्ली पर्समध्ये टाकली. परतताना एसटीनं टेंभुर्णी ओलांडल्यावर आठवलं, दुसरी किल्ली देव्हाऱ्यात असते. आणि ओळखीच्या गिऱ्हाइकांना ॲप लागत नाही.

गाव सोडलेल्या तुम्हा सगळ्यांना घर म्हटलं की काय आठवतं, ठाऊक नाही. मला ती दुसरी किल्ली आठवते. रोज सकाळी फोन लावते, अण्णा कुठं आहेत विचारते.

"हितंच हायत की," आई म्हणते, आणि तिच्यामागं दारात गाडीला किक मारल्याचा आवाज येतो.