बाईंनी बोलता केलेला

तिघा भावांतला मधला, म्हणून घरात त्याला मधलाच म्हणत. थोरला दांडगा, धाकटा लाडका आणि हा तोतरा. बोलायला तोंड उघडलं की पहिल्याच अक्षरावर गाडी अडायची, मान ताठ व्हायची, डोळे मिटायचे. ऐकणाऱ्याला राहवायचं नाही. तोच याचं वाक्य पुरं करून टाकायचा, तेही बहुधा चुकीचं. साबण आणायला गेलेला मधला एकदा साखर घेऊन परत आला होता. आई आधी हसली, मग तिने डोळे पुसले.

पुस्तकांचं वेड त्याला कुणी लावलं नव्हतं. गाद्या ठेवायच्या माळ्यावर तो चढून बसे आणि शाळेच्या कपाटातून आणलेलं काहीबाही वाचत राही. पुस्तकातली माणसं त्याच्या डोक्यात त्याच्याच आवाजात बोलत. भांडणं, विनवण्या, लांबलचक भाषणं, सगळं एका दमात. लिफ्ट दुरुस्तीच्या कामावरून दमून आलेले वडील वर बघून म्हणत, "खाली ये रे, जरा माणसात." तो मान हलवायचा आणि पान उलटायचा.

त्यातही एका गोष्टीवर त्याचा जीव होता. दीपगृहाचा राखणदार हिवाळाभर बेटावर एकटा राहतो, बोलायची सवयच मोडून जाते. शेवटी बोट येते तेव्हा उतरलेल्या खलाशाकडे बघून तो नुसता हसतो. खलाशीही हसतो आणि दोघं मिळून तेलाचे डबे वर चढवतात. एवढंच.

तो नववीत असताना भाषेला नव्या बाई आल्या. मोठ्याने वाचायची त्याची पाळी आली, वर्ग खिदळला, तसा बाईंनी नुसत्या नजरेने वर्ग गप्प केला. तास संपल्यावर त्यांनी त्याला विचारलं, तुला वाचायला काय आवडतं? हे त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. अडखळत, घामाघूम होत त्याने राखणदाराची अख्खी गोष्ट सांगितली. बाईंनी त्याचं एकही वाक्य पुरं केलं नाही. त्या दिवशी पोरगं तरंगतच घरी गेलं.

मग बाईंनी मनावरच घेतलं. शाळा सुटली की रिकाम्या वर्गात त्याची तालीम. श्वास कुठे घ्यायचा, कुठल्या शब्दावर टेकायचं, जड अक्षरावरून कसं सरकायचं. वाचायला गोष्ट कुठली, तर तीच. आवडीचं असलं की जीभ वळते, असं बाईंचं म्हणणं. बाई खोट्या नव्हत्या. स्वतःचा घसा बसला तरी त्या थांबत नसत, आणि यानेही कामचुकारपणा केला नाही. पण राखणदार जिना चढायचा तिथे आता पेन्सिलीने 'पोटात श्वास' लिहिलेलं होतं. खलाशी हसायचा तिथे बाईंचं बोट टेबलावर वाजायचं. माळ्यावर दुसरं पुस्तक उघडावं, तर डोळे ओळीओळीत जड अक्षरंच हुडकत राहायचे. दुसरी गोष्ट घेऊ या, असं त्याने एकदा सुचवून पाहिलं. वार्षिक समारंभात तुला हीच वाचायचीय, तो तोंडावर आलाय, आता कुठे बदलतोस, म्हणून बाईंनी विषय मिटवला.

वार्षिक समारंभात त्याने गोष्ट वाचली, एकदाही न अडखळता. सभागृह टाळ्यांनी दणाणलं. मग बाईंनी माईक घेतला.

"या मुलाला स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं. साबण मागायला जायचा आणि साखर घेऊन यायचा."

हे आईनेच त्यांना कौतुकाने सांगितलं होतं. लोक हसले, मायेनेच हसले. आईचा ऊर भरून आला होता, थोरला शिट्ट्या मारत होता. समारंभाचे प्रमुख पाहुणे उठून म्हणाले, "बाळ, आता तुझ्या मनाने दोन शब्द बोल."

मधल्याने तोंड उघडलं. पहिल्याच अक्षराला मान ताठ झाली, डोळे मिटले. शेवटी पाहुण्यांनीच त्याच्या वतीने बाईंचे आभार मानून टाकले.

त्यानंतर घरी कुणीही आलं की फर्माईश ठरलेली: ते वाचून दाखव ना. तो दाखवायचा. आणि कुणी मागे लागलं नसलं तरी, एकट्याने वाचताना त्याच्या डोक्यात बाईच बोलायच्या. त्याचा स्वतःचा आवाज तिथून कधी निघून गेला, ते त्यालाही कळलं नाही. एका सुट्टीत त्याने सगळी पुस्तकं शाळेच्या कपाटात नेऊन ठेवली. वडिलांना बरं वाटलं, पोरगा माणसात आला. बारावीनंतर तो डोळे तपासायचं शिकला आणि चष्म्याच्या दुकानात लागला.

पुढे काही वर्षांनी बाई त्या दुकानात आल्या. थकल्या होत्या, पुस्तक हातभर लांब धरावं लागतं म्हणत होत्या. त्याने हातानेच खूण करून त्यांना तपासणीच्या खुर्चीत बसवलं, एकेक भिंग घालून पाहिलं. आता कसं दिसतं, हे विचारताना मात्र तो अडखळला आणि बाईंनी ओळखलं.

"अरे, तू? परत तसाच बोलायला लागलास?" त्यांचा चेहरा पडला. "वाचतोस तरी ना?"

"नाही."

"किती मेहनत घेतली रे मी तुझ्यावर."

त्याने हातातलं भिंग खाली ठेवलं. शब्द निघायला वेळ लागला. "ती एकच गोष्ट म... माझी होती, बाई."

"म्हणून तर तीच घेतली," बाई म्हणाल्या. त्यांना खरोखरच काही कळलं नव्हतं. ते त्याला दिसलं. त्याने नंबर लिहून दिला, फ्रेम नाकावर नीट बसवून पाहिली.

पैसे देताना बाईंनी मालकांना सगळं सांगितलं: याला नावही सांगता यायचं नाही, आणि एकदा याने सभागृह कसं जिंकलं. बाकावर बसलेली गिऱ्हाइकं कौतुकाने वळून बघू लागली. मालक तर हरखूनच गेले. दुसऱ्या दिवसापासून बसल्या गिऱ्हाइकाला ते सांगू लागले, आमचा हा माणूस साधा नाही हो; आणि वळून त्याला, वाचून दाखव रे काहीतरी.

आठवडाभर त्याने हसून वेळ मारून नेली. मग मागच्या खोलीत भिंगं घासायचं काम मागून घेतलं. पगार कमी होता आणि शिक्षणाचा तिथे काही उपयोग नव्हता. मालकांना नवल वाटलं, आई चिडली. पण यंत्र चालू असलं की तिथे कुणाचं बोलणं ऐकू येत नसे, आणि कुणी त्याला काही विचारतही नसे.