कुणाचा सिदा, कुणाचा डोनल

म्हसवडच्या एसटी स्टँडवर पुण्याची गाडी लागली होती आणि माझी बॅग एकट्याला उचलत नव्हती. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चुलतभावाला हाक मारली, "ए सिदाऽ!" चार माणसं वळली. एक रसवंतीवाला, एक गाडीचा कंडक्टर, एक पेपर वाचत बसलेला निवृत्त हवालदार आणि चौथा आमचा चुलतभाऊ. रसवंतीवाला हातातला ऊस तसाच धरून म्हणाला, "कंचा सिदा? कुनाचा?"

"मायाप्पाचा," आबा म्हणाले. तिघं परत आपापल्या कामाला लागले आणि मायाप्पाच्या सिदानं बॅग उचलली.

तुम्ही आमच्या बाजूचे असाल तर तुम्हाला यात काही नवल वाटणार नाही. गावात सिद्धनाथाचं देऊळ, त्यामुळे घरटी एक सिदा. आमचे आजोबाही सिदाच, माण तालुक्यातून पार खालच्या मुलखापर्यंत मेंढरं चारून आलेले. माझं नाव आईनं हट्टानं संतोष ठेवलं, आणि चारचौघांत हाक मारली की मी एकटाच वळतो, याचं मला तेव्हा कोण सुख होतं. गाडी हलली तसे आबा खिडकीला धरून चार पावलं चालले आणि म्हणाले, "तिथं कुनी इचारलं कुनाचा, तर नीट सांग." आयर्लंडला नर्सची नोकरी करायला निघालेल्या माणसाला हे काय सांगणं, असं मला वाटलं. हसू आलं.

कुणी विचारलं नाही. डब्लिनमध्ये जन्मतारीख विचारली, व्हिसा विचारला, रजिस्ट्रेशन नंबर विचारला. नावाचं त्यांनी पहिल्याच शिफ्टला 'सँटो' करून टाकलं. मला त्याचंही काही वाटलं नाही. कुणाचा कोण नसणं हेही एक सुख असतं, नव्यानं गेलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे. ते किती दिवस पुरतं, हेही ठाऊक आहे.

पुढं मी वायव्य किनाऱ्यावरच्या एका छोट्या गावाच्या हॉस्पिटलात बदली मागून घेतली. माझी बायको अश्विनी वाईची, कृष्णेच्या घाटावर वाढलेली. तिला तिथला वारा सोसेना. मला मात्र पहिल्याच दिवशी रस्त्यात गाडी थांबवावी लागली. दोन्ही बाजूंना दगडी ताली, म्हणजे रचलेले बांध, झाड म्हणून नाही, आणि पाठीवर निळ्या-तांबड्या रंगाच्या खुणा केलेली मेंढरंच मेंढरं. हिरवळ सोडली तर आमचा माळच. आबांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी बराच वेळ निरखलं आणि म्हणाले, असल्या मेंढ्या आपल्या माळावर दोन कोसबी चालायच्या न्हाईत.

त्याच आठवड्यात गावच्या हॉलमध्ये आम्हा नव्या लोकांना चहाला बोलावलं होतं. हॉलच्या भिंतीवर गावाचं नाव काढणाऱ्यांचे फोटो होते. एका फोटोत फुटबॉलचा कप उंच धरलेला कप्तान. दुसऱ्यात हनुवटीखाली फिडल धरलेला वादक. मग आफ्रिकेत शाळा काढलेला पाद्री, वादळात होडी घालून बुडत्यांना काढणारा खलाशी, आणि दुर्बिणीशेजारी उभा राहिलेला खगोलशास्त्रज्ञ. प्रत्येक फोटोखाली एकच नाव. डोनल, आणि आडनावही तेच. आडनाव इथं लिहीत नाही, निम्म्या गावाचं आहे.

मी चहा हातात घेऊन थिजलो. एका माणसानं एका जन्मात एवढं केलं? गोऱ्या माणसांचे चेहरे मला तेव्हा अजून सारखेच दिसायचे, आणि फोटो वेगवेगळ्या वयातले असतील अशी मी समजूत करून घेतली. घरी येऊन आबांना सांगितलं. त्यांनी हात जोडले. मग म्हणाले, "मानूस हाय का द्येव?"

पुढच्याच महिन्यात माझ्या वॉर्डात एक म्हातारा दाखल झाला. रिस्टबँडवर तेच नाव. त्याला इंजेक्शन मी अगदी जपून दिलं, नवखा पुजारी देवाच्या मूर्तीला स्नान घालतो तसं. न राहवून मी विचारलं, या सगळ्यातलं तुम्हाला मनापासून काय आवडलं, फुटबॉल, फिडल की ग्रहतारे?  म्हातारा इतका हसला की मला ऑक्सिजनचा मास्क आणावा लागला.

फोटोतले ते पाच वेगवेगळे जण होते. हा सहावा, आणि याचा फोटो कुठंच नव्हता, कारण यानं जन्मभर फक्त मेंढरं राखली. तिथं प्रत्येक भाऊ आपल्या थोरल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवतो. त्यामुळे एका आजोबाच्या नावाचे चार-पाच नातू गावात सहज निघतात. मग ओळखायचे कसे? बापाचं नाव लावून, तेवढ्यानं भागलं नाही तर आजोबाचं किंवा आजीचंही लावून. हा डोनल पॅडी नेली, म्हणजे नेलीच्या पॅडीचा डोनल. कप्तान तो डोनल जॉनी हग. शिफ्ट बदलताना, हँडओव्हरला, आमच्या जुन्या सिस्टर हीच नावं घ्यायच्या आणि मी ती टोपणनावं समजत होतो.

ज्या स्टँडवर एका हाकेला चार सिदा वळतात, तिथला मी. माझ्या हे लक्षात कसं आलं नाही? कारण सरळ होतं. आमच्यातला कुठला सिदा भिंतीवर लावण्याजोगा असेल, असं मला कधी वाटलंच नव्हतं. त्या दुपारी वॉर्डात उभ्या उभ्या मला रसवंतीवाला सिदा आठवला, जो गजीनृत्यात ढोल धरला की अख्खी यात्रा हलवतो. सीमेवर पाय गमावून आलेला हवालदार सिदा आठवला. उन्हाळ्यात मेंढरांसाठी नुसत्या वासावरून पाणी हुडकून काढणारे आमचे आजोबा आठवले. 

म्हाताऱ्यानं मग आपल्या जुन्या आयरिश भाषेत मला काहीतरी विचारलं. कळलं नाही म्हटल्यावर इंग्रजीत सांगितलं, "तू कुणाचा?"

आयर्लंडला आल्यापासून हा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणी विचारला होता. मी सांगितलं, बिराचा संतोष, आणि बिरा सिदाचा, सगळे मेंढरंवाले. त्यानं मान डोलावली. "कळपातली मेंढरं परक्यालाच सारखी दिसतात," तो म्हणाला. आबांनी हेच वाक्य मला कितीदा ऐकवलं होतं.

तेव्हा अश्विनीला सातवा महिना होता आणि आमच्या घरात नावावरून अबोला चालला होता. मुलाला कुणाचंच नसेल असं नाव मी इंटरनेटवर शोधून ठेवलं होतं. आबांना सिदा हवं होतं. म्हसवडला सिदा कमी आहेत का, असं मी फोनवर म्हटलं तेव्हा ते चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "गावात लय हायती, मायाप्पाच्याबी घरात हाय. म्हातारा गेला तवापास्नं आपल्या घरात न्हाई."

त्या संध्याकाळी मी अश्विनीला डोनलची सगळी गोष्ट सांगितली. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मग आबांना कळव. बारशाला माझी बहीण म्हसवडहून फोनवर होती. स्पीकर बाळाच्या कानाशी धरला आणि आत्यानं तिथून कुर्र केलं. आबा मागं नुसते उभे होते, डोळे पुसत.

यंदा मार्गशीर्षात आम्ही गावी आलो. सिदा आता तीन वर्षांचा. स्टँडवर उतरल्या उतरल्या तो रसवंतीच्या घुंगरांकडे पळाला आणि मी ओरडलो, "ए सिदाऽ!" चौघं वळलेच. रसवंतीवाला खाली वाकून पोराला म्हणाला, "तू कंचा रं सिदा? कुनाचा?"

मी सांगणार, एवढ्यात पोरगा ताठ उभा राहिला आणि अगदी आयर्लंडच्या हेलात म्हणाला, "सिदा संतू बिरा."

मी शिकवलं नव्हतं. आमच्या तिकडच्या गावच्या बाजारात डोनल पॅडी नेली त्याला रोज याच नावानं हाक मारतो.

आबांच्या हातातली पिशवी खाली आली. लांबच्या मुलखात, जिथं त्यांना कुणी बघितलेलंही नाही, तिथं आपलं बिरा हे नाव रोज बाजारात घेतलं जातं, हे त्यांना समजायला जरा वेळ लागला. मग ते नातवापुढं उकिडवे बसले आणि म्हणाले, "परत एकदा म्हन."