दहाव्यानंतर गेटवर

वडिलांच्या दहाव्याला आम्ही दोघा भावांनी नदीवर डोक्याचे केस आणि मिशी काढली. धाकट्याची झुपकेदार मिशी पहिल्यांदाच गेली. त्याच्याकडे बघून आई त्या दुःखातही हसली.

मी उल्हासनगरात एका वकिलांकडे टायपिंग करतो. माझं डोकं बघून ऑफिसातले लोक आवाज खाली करत, न विचारता चहा पुढे करत. केस काढतात ते त्याचसाठी, न सांगता समोरच्याला कळावं म्हणून. धाकटा अंबरनाथच्या एका कारखान्यात कंत्राटावर होता. तिथे गेटवर चेहरा बघून हजेरी लावणारा कॅमेरा आहे. त्याने धाकट्याला ओळखलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. मग धाकट्याच्या जागी कोणी भलताच आत शिरतोय असं यंत्रानेच ठरवलं आणि पास रद्द केला.

"वॉचमन मला चांगला ओळखतो, दादा," धाकटा घरी येऊन म्हणाला. "बाबांच्या मातीला आलेला तो. पण गेट त्याच्या हातात नाहीये."

सुपरवायझर म्हणाला, सिस्टमने केलंय. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं लोकांच्या तक्रारी टाइप करतोय, आणि घरची करायची तर कोणाविरुद्ध?

आमचे वकीलसाहेब सिंधी, तोंडाचे फटकळ. "देख, मॅनेजरने काढलं असतं तर कोर्टात उभा करून विचारलं असतं, क्यों काढलं. मशीनने ठरवलं तर जवाब कोण देणार, ऐसा कानून अजून बनायचाय."

"बनेपर्यंत काय करायचं?"

"मूछ वाढव म्हणावं."

त्यांनी चेष्टा केली, पण झालं तसंच. केस आले, मिशी आली, कंत्राटदाराने त्याला पुन्हा कॅमेऱ्यासमोर उभं केलं आणि गेट उघडलं. का, ते कोणीच सांगितलं नाही. मला आनंद झाला नाही, भीतीच वाटली. असं उघडलेलं गेट तसंच कधीही बंद होईल. धाकटा तर न्हाव्याकडे जायलाही बिचकतो. नवा चष्मा फक्त घरात लावतो.

यंदा आईने अंथरूण धरलंय. परवा धाकटा तिला औषध पाजत होता. तिने त्याच्या मिशीवरून हात फिरवला.

"माझ्या वेळंला तू केस नको काढू," ती म्हणाली. "मोठा काढील, तेवढं बास."

मीही काढणारच, असं तो म्हणाला नाही.