शेळीबाई आणि न मरणारे वाफे

गवत संशोधन केंद्राच्या कागदांवर तिचा हुद्दा 'क्षेत्र सहायक' असा होता. काम मात्र शेळीचं. अहो, खरंच! दर मंगळवारी ती वाफ्यात उकिडवी बसायची, डाव्या हातात गवताचा झुबका धरायची, कात्रीनं सात सेंटीमीटरवर कापायची आणि कापता कापता एक हिसका द्यायची. शेळी चरताना हिसका देते ना, म्हणून. तो हिसका शिकायला तिनं नोकरीचे पहिले आठ दिवस खऱ्या शेळ्यांच्या मागे मागे फिरून काढले होते. मग खऱ्याच शेळ्या का ठेवल्या नाहीत, असं विचाराल, तर ठेवल्या होत्या. त्यांनी गवत खाल्लं, गवताच्या नावाच्या पाट्या खाल्ल्या आणि भेटीला आलेल्या एका बड्या पाहुण्यांचं भाषणही खाल्लं. तेव्हापासून केंद्रानं माणूस नेमला. गेली अकरा वर्षं सगळे तिला शेळीबाई म्हणत आणि तीही खुशाल ओ देई.

नवरा न्हावी. "आम्ही दोघंही कापायच्याच धंद्यात," तो दुकानात सांगायचा, "फक्त हिची गिऱ्हाइकं कुरकुरत नाहीत."

केंद्रातले डॉक्टर म्हणजे गवताचे डॉक्टर. ताप आला तर त्यांच्याकडे जाऊन उपयोग नाही. चरलेलं गवत दुष्काळात आधी मरतं की न चरलेलं, हे त्यांना शोधून काढायचं होतं. त्यासाठी प्लॅस्टिकच्या छपराखाली आठ वाफे. चार शेळीबाईनं चरायचे, चार तसेच वाढू द्यायचे, आणि आठांचंही पाणी तोडायचं. आत पाण्याची बाटली न्यायलासुद्धा मनाई. तीन वर्षं आठही वाफे पाचव्या आठवड्यात एकदमच माना टाकत होते, आणि डॉक्टर दरवर्षी 'फरक आढळला नाही' असं लिहून गप्प बसत होते.

यंदा आठवा आठवडा उजाडला. न चरलेल्या चार वाफ्यांचा पेंढा झाला होता. शेळीबाईचे चार मात्र हिरवे. थोडेथोडके नाही, चांगले निर्लज्जासारखे हिरवे!

शुक्रवारी डॉक्टरांनी ओल मोजायची सळई मातीत खुपसली. शेळीबाईच्या चारही वाफ्यांत खाली ओल निघाली. बाकीच्या चारांत ठणठणाट.

"ही ओल कुठून आली?" डॉक्टरांनी विचारलं.

"मला काय ठाऊक, साहेब?"

"छपराच्या दाराची किल्ली कोणाकोणाकडे असते?"

"एक तुमच्याकडे, एक माझ्याकडे."

"मी तर पाणी घातलेलं नाही."

शेजारी भांडारवाला उभा होता. केंद्रातल्या वस्तू सांभाळणं हे त्याचं काम आणि लोकांच्या भानगडीत नाक खुपसणं हा त्याचा छंद. तो लगेच म्हणाला, "बाई जरा हळव्या आहेत, साहेब. गवताला 'बिचारं, बिचारं' म्हणताना मी ऐकलंय."

म्हणाली होती ती तसं. पण बिचारं म्हटल्यानं माती भिजत असती तर जगात दुष्काळच उरला नसता!

डॉक्टरांनी सरळ सांगून टाकलं. "चोरून पाणी घातलंत, असं सोमवारपर्यंत लिहून द्या. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

ती घरी आली ती धुमसतच. आणि नवऱ्यानं काय विचारावं? "घातलंस का गं?"

"तुम्हीसुद्धा?"

"अगं, घातलं असशील तर सांगून मोकळी हो. गवतच आहे ते."

त्या दिवशी घरातलं एकही भांडं आवाज न करता खाली ठेवलं गेलं नाही. नोकरी जाण्याचं भय होतंच, पण ते दुय्यम. अकरा वर्षं तिनं उन्हात तापलेल्या छपरांखाली घसा कोरडा ठेवून काम केलं होतं. तहान लागली की बाहेर यायचं, पाणी प्यायचं, तोंड पुसायचं, मगच आत जायचं. आणि तिलाच चोर म्हणाले! तेही त्या भोचक भांडारवाल्यासमोर!

रविवारी सकाळी नणंद आपली चार पोरं घेऊन आठ दिवसांच्या मुक्कामानंतर एकदाची गेली. संध्याकाळी शेळीबाईनं पिंपात तांब्या बुडवला तर रोज संध्याकाळपर्यंत रिकामं होणारं पिंप अजून अर्धं भरलेलं.

"पाणी उरलं कसं हो?"

"पिणारी तोंडं गेली ना," नवरा म्हणाला.

ती तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली. गवताची तोंडं म्हणजे पानं. पानं कमी, तर पिणारी तोंडं कमी. मग मातीतली ओल संपेल कशी? पण हे मागच्या तीन वर्षांत का नाही झालं? त्याचं उत्तर आठवलं आणि तिनं तांब्या परत पिंपात सोडला.

उंची मोजायची तिची लाकडी पट्टी मोडकी होती. चार महिन्यांपूर्वी बिस्किटांच्या डब्याचं झाकण उचकटताना शून्याकडचे दोन सेंटीमीटर तुटून गेले होते. नवी पट्टी मागायची तर भांडारवाल्याकडे तीन अर्ज आणि त्याचं व्याख्यान. 'दोन सेंटीमीटरचं गवताला काय कळतंय!' म्हणून ती तशीच मोजत राहिली. पट्टीवर सात, प्रत्यक्षात पाच. गवताला कळलं होतं.

म्हणजे चोरी केली नाही हे दाखवायचं, तर लबाडी केली हे सांगायला हवं. वा रे न्याय!

सोमवारी ती डॉक्टरांच्या टेबलापाशी गेली आणि पट्टी समोर ठेवली. "पाणी मी घातलं नाही. पण गवत पाचवर कापलंय, चार महिने. मोडली तेव्हाच सांगायला हवं होतं. आता काढायचं तर यासाठी काढा, चोर म्हणून काढू नका." आणि पिंपाची गोष्टही सांगितली.

डॉक्टर लालबुंद झाले. मग पट्टी उचलून बघत राहिले. मग धावले. छपराखाली गुडघ्यांवर बसून त्यांनी पानं मोजली, एक ठोंब उपटून मुळं पाहिली, पुन्हा सळई खुपसली. "बाई! जास्त चरलं म्हणून वाचलं! पानं कमी, म्हणून ओल टिकली! तीन वर्षं आपण पुरेसं चरतच नव्हतो!" तोंडभर माती माखून ते हसत होते, आणि शेळीबाई तिथं आहे हे साफ विसरले होते.

"साहेब," ती म्हणाली, "आणि माझं काय?"

"तुमचं काय? पुढच्या वर्षी चार वाफे पाचवर, चार सातवर. नवीन पट्टी आजच..." ते थांबले. हातातली सळई खाली ठेवून उभे राहिले. "मी तुम्हाला चोर म्हणालो, बाई. तपासायच्या आधीच म्हणालो. माझं चुकलं. भांडारवाल्यासमोरही सांगतो."

शुक्रवारपासून तिनं डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. आता तिनं पदर डोळ्यांना घट्ट दाबला, तशीच वळली आणि भरभर चालत छपराबाहेर गेली.

"अहो, काय झालं? कुठं निघालात?" डॉक्टर मागून ओरडले.

"रडायला," ती बाहेरून म्हणाली. "आत पाणी सांडायला मनाई आहे."