कळशीवरचं नाव

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी क्षमा बोधनकर जबलपूरच्या गोरखपूर भागातल्या खळतकरांच्या हॉलमध्ये शिडीवर होती. तोंडात दोन खिळे, डाव्या हातात वेताची टोपलीवजा दिव्याची शेड. घरात दुसरं कोणी नव्हतं. अनुपम खळतकर रिछाईच्या कारखान्यात गेला होता. त्याची बायको प्रणोती नेपियर टाउनमधल्या कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवते, ती आठलाच स्कूटरवर निघाली होती. अनुपमच्या आई कुंदाकाकू देवळात जायला निघाल्या होत्या. दार क्षमाने घरच्यांनी दिलेल्या किल्लीनेच उघडलं होतं.

क्षमा लोकांची घरं सजवते. वय अडतीस. वडील रेल्वेत होते, जन्म जबलपूरचा. आधी ती एका शाळेत चित्रकला शिकवायची. करोनात शाळा बंद होत्या त्या काळात मोबाइलवर बघून सुती दोरीच्या गाठी मारायला शिकली, आणि मग शाळेत परत गेलीच नाही. आता ती जे करते त्याला प्रणोतीच्या वयाच्या मुली ‘बोहो’ म्हणतात. सोफा जातो, खाली गाद्या येतात. एकमेकांशी न जुळणारे अभ्रे, भिंतीवर झालरीची दोरी, कोपऱ्यात झाडं, आणि जुनं पितळ. नवं पितळ क्षमा वापरत नाही. ते फार चकाकतं. ती कबाडीकडून, म्हणजे भंगारवाल्याकडून, जुन्या कळश्या आणते आणि त्यात मनीप्लँट नाही तर रबराचं झाड लावते.

यात तिच्या कामाची एक पद्धत आहे. कळशीचा जेवढा भाग दिसणार, तेवढाच ती घासते. खालच्या काळ्या पडलेल्या भागावर सुतळी गुंडाळते. जुन्या भांड्यावर बहुधा कोणाचं तरी नाव ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं असतं. ती बाजू ती भिंतीकडे करते. परक्या माणसाचं नाव आपल्या हॉलमध्ये कोणाला नको असतं, त्यामुळे ती नावं वाचायचंही तिने सोडून दिलं आहे.

कुंदाकाकूंना हा सगळा प्रकार पहिल्या दिवसापासून खटकत होता. चांगला सागवानी सोफा मागच्या खोलीत गेला होता. “आमच्या वेळी दोरीत गाठी पडल्या की आम्ही सोडवत बसत होतो,” त्या प्रणोतीला म्हणाल्या होत्या, “तुम्ही गाठी मारायला माणूस लावून राहिले.” प्रणोती हसली होती. काकू हसल्या नव्हत्या. आपण घरात नसताना एक बाहेरची बाई तासभर एकटी असते, माळ्यावरचं सामान तिनेच उतरवलं आणि तिनेच परत चढवलं, हे त्यांच्या डोक्यात होतं. गुडघ्यांमुळे त्या स्वतः माळ्यावर चढू शकत नाहीत. वर आता काय आहे आणि काय नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

त्या सोमवारी त्या देवळाच्या अर्ध्या वाटेवरून परत फिरल्या.

दार हळूच उघडलं. क्षमा शिडीवर होती, पाठ दाराकडे. काकूंनी तिला हाक मारली नाही. त्या सरळ खिडकीखालच्या कळशीकडे गेल्या. शनिवारपर्यंत ती तिथे नव्हती. त्यांनी ती झाडासकट फिरवली. गळ्याखाली कोरलेलं होतं: अच्युत विठोबा खळतकर.

हे त्यांच्या यजमानांचं नाव. अच्युतराव संरक्षण खात्याच्या कारखान्यात होते, तीन वर्षांपूर्वी गेले.

“क्षमा, खाली ये.”

क्षमाने खिळे तोंडातून काढले. “अरे, काकू! आज लवकर?”

“ही कोठून आणली?”

“कबाडीकडून. मागच्या आठवड्यात.”

“कोणत्या कबाडीकडून?”

“आधारतालच्या रस्त्यावर एक बसतो. काहून, काय झालं?”

“आमच्या घरचं भांडं आमच्याच घरात आणून लावून राहिली, आणि मला विचारते काय झालं?”

क्षमा खाली उतरली. वाकून नाव वाचलं. मग पुन्हा वाचलं. तिच्या चेहऱ्याचा रंग गेला, आणि काकूंनी तो जाताना पाहिला.

“काकू, मी नाव वाचलंच नव्हतं.”

“वाचलं नव्हतं, तर मग भिंतीकडे काहून केलं?”

“नावाची बाजू मी नेहमीच भिंतीकडे करते,” क्षमा म्हणाली, पण बोलून दाखवल्यावर ते तिलाच खोटं वाटलं. कबाडी पावती देत नाही. तो नावही विचारत नाही.

“माळ्यावर चढून बघते मी,” ती म्हणाली. “तुमच्या कळश्या वर गोणपाटात आहेत.”

“तू आता कुठेच चढायचं नाही. किल्ली दे इकडे. प्रणोती येईपर्यंत इथंच थांब.”

क्षमाने पर्समधून किल्ली काढून दिली. काकूंनी ती पदराला बांधली, मागच्या खोलीतून एक लाकडी खुर्ची ओढत आणली आणि हॉलच्या मधोमध मांडून बसल्या. नव्या गाद्यांवर त्या आजवर बसल्या नव्हत्या, त्या दिवशीही बसल्या नाहीत.

क्षमाने काम सुरू ठेवलं. भिंतीवरच्या झालरीचे शेवटचे पदर उरले होते. ती गाठ मारायची, ओढायची, दुसरी घ्यायची. काकू महिला मंडळाच्या कार्याध्यक्ष आहेत. क्षमाची पुढची तिन्ही कामं त्याच मंडळातल्या घरांची होती, आणि सगळीकडे पद्धत हीच: घरातले कामावर, किल्ली क्षमाकडे. मंडळाच्या बैठकीत काकूंनी नुसतं एवढं म्हणायचं की आमच्या यजमानांच्या नावाची कळशी तिच्याकडे सापडली. बाकीचं बाया आपापल्या मनाने पूर्ण करतील. शाळेची नोकरी परत मिळणार नव्हती.

अकराच्या सुमारास दोन बॅचच्या मधल्या वेळात प्रणोती आली. हेल्मेट हातात, सासू खुर्चीवर, क्षमा भिंतीशी.

“क्या हुआ? दोघी अशा काहून बसल्या?”

काकूंनी सांगितलं. प्रणोतीने कळशी पाहिली, नाव पाहिलं, क्षमाकडे पाहिलं. ते पाहणं जरा लांबलंच.

“दीदी, माळ्यावरून चुकून तर नाही ना आली? मतलब, सामान काढताना वगैरे…”

“तूही?” क्षमा म्हणाली.

“नाही, मी फक्त पूछ रही हूँ.”

“विचारते कशाला,” काकू म्हणाल्या. “सुतळी काढ तिची. खाली काय लपवलं ते बघू ना. उगाच नाही कोणी अर्ध्या भांड्याला कपडे घालत.”

प्रणोतीने झाड काढून वर्तमानपत्रावर ठेवलं. क्षमा सुतळी उलगडायला पुढे झाली तर काकूंनी कळशी स्वतःच्या मांडीवर ओढून घेतली. सुतळी निघाली. खाली पितळ काळंकुट्ट होतं, पण बोटाला ठिपके लागत होते.

“आहे काही तरी,” काकू म्हणाल्या. “चिंच आण गं.”

वाटीत भिजवलेली चिंच आली. काकू घासू लागल्या. भांडी घासण्याची त्यांची पद्धत जुनी आहे, अंगठ्याने, गोल, जोर लावून. काळं पाणी वर्तमानपत्रावर गळत होतं. हळूहळू दुसरी ओळ वर आली. प्रणोतीला मराठी वाचायला वेळ लागतो. क्षमाला लागत नाही. तिने मोठ्याने वाचलं:

“यांजकडून चि. सौ. कां. विनता हिस विवाहप्रीत्यर्थ सप्रेम भेट.”

विनता म्हणजे अच्युतरावांची धाकटी बहीण. तिच्या लग्नाला पस्तीस वर्षं होऊन गेली. राहते नेपियर टाउनमध्ये.

“म्हणजे ही आपल्या घरची नाही,” प्रणोती म्हणाली. “आपण दिलेली आहे. आत्याला.”

काकूंनी कळशी पुन्हा फिरवून पाहिली. मग म्हणाल्या, “लाव तिला फोन. तिच्या घरातून गेली असेल. तिथंही हिचं काम होतं का?”

“मी विनताताईंना ओळखतही नाही,” क्षमा म्हणाली.

प्रणोतीने फोन लावून स्पीकरवर ठेवला. विनताताईंना कळशी आठवायला क्षणभरही लागला नाही.

“हो, मीच दिली कबाड्याला. दिवाळीच्या सफाईत. काहून?”

“भावाने लग्नात दिलेलं भांडं कबाड्याला?” काकूंचा आवाज चढला.

“गळत होती, वहिनी. पहिल्या दिवसापासून. तळाला चीर होती. तेव्हा नवी नवरी होते, बोलले नाही.”

“गळायला काय झालं? नवी घेतली होती.”

“नवी?” पलीकडून हसण्याचा आवाज आला. “नवीवर आधीचं नाव घासून काढलेलं असते का? मला तर लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी शक आला होता. तुम्हाला कोणीतरी दिलेली, तुम्ही मला पुढे चालवली. अच्छा, पण आज अचानक कळशीचं काय निघालं?”

“काही नाही,” काकू म्हणाल्या. “ठेव.”

कळशी अजून त्यांच्या मांडीवर होती. विनताच्या नावाच्या खाली, चिंचेने नुकत्याच उजळलेल्या भागात, पितळ बोटभर पट्ट्यात खोलगट झालं होतं. कानशीचे ओरखडे होते, आणि एका टोकाला पुसायचं राहून गेलेलं एक अक्षर. काकूंनी त्यावर हात ठेवला. क्षमाने ते त्याआधीच पाहिलं होतं, आणि तिने पाहिलं हे काकूंना कळलं.

“दीदी, सॉरी,” प्रणोती म्हणाली.

काकू सॉरी म्हणाल्या नाहीत. त्यांनी कळशी क्षमाच्या पुढे सरकवली. “ही दुसऱ्या कोणाच्या घरी लावू नको. इथंच राहू दे. आणि सुतळी गळ्यापर्यंत घे.”

“गळ्यापर्यंत घेतली तर पितळ दिसणार नाही, काकू.”

“नाही दिसलं तरी चालते.” त्या पुढे म्हणाल्या, “मंडळात हे काही बोलायची गरज नाही.”

“मी कशाला बोलू?”

“मीही नाही बोलत. चलो.”

क्षमा गाठी मारायला बसली. पुढची तिन्ही कामं शाबूत राहिली होती. तिने किल्ली मागितली नाही, आणि काकूंनी पदराची गाठ सोडली नाही. प्रणोती पुढच्या बॅचला निघून गेली. काकू खुर्चीवरच होत्या. मध्ये एकदा त्यांनी चहा केला. दोन कप आणले, एक क्षमाजवळ जमिनीवर ठेवला.

“उद्यापासून नऊला येऊ नको,” त्या म्हणाल्या. “मी घरी असेन तेव्हा ये.”

मंगळवारी कुंदाकाकू देवळातून साडेदहाला परततील. क्षमा पावणेअकराला येईल, आणि दार काकू आतून उघडतील.