सदतीस पोत्यांची भिंत

गणपत मिस्त्री खुर्चीवर बसायला तयार नव्हता. समोर रमेशभाऊ, म्हणजे कॉम्प्लेक्सचे मालक, माझंच एस्टिमेट टेबलावर पसरून बसले होते आणि त्यातल्या एका ओळीवर पेनाने ठकठक करत होते. पुसदला त्यांचं तीन मजली कमर्शियल कॉम्प्लेक्स उभं राहत होतं. बाहेरच्या प्लास्टरचं काम चालू होतं आणि दिवाळीला खाली, पूर्वेच्या कोपऱ्यात, साड्यांचं शोरूम उघडायचं होतं. पूर्वेच्या भिंतीला माझ्या हिशेबाने सिमेंटची सदतीस पोती लागायला हवी होती. लागली होती पासष्ट.

"मॅडम, तुमीच सांगा, वरची अठ्ठावीस पोती कुठं गेली?" भाऊ म्हणाले.

"भिंतीत हायेत," मिस्त्री म्हणाला.

भाऊंनी मला त्यासाठीच यवतमाळहून बोलावलं होतं. भिंत मोजायची, चोरी झाल्याचं लेखी द्यायचं, मग ते पोलिसांत जाणार होते. मिस्त्री तीस वर्षं पुसदमध्ये काम करत होता. त्याला कामं मिळायची ती नावावर. एकदा सिमेंटचोर म्हणून नाव झालं की गावात कुणी त्याला साधा ओटाही बांधायला देणार नव्हतं, हे खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं.

मी एस्टिमेटचं काम करते. बांधकामाला किती खर्च येईल, ते आधी कागदावर काढून द्यायचं. लोकांना वाटतं, प्लास्टरचा खर्च म्हणजे भिंतीचं क्षेत्रफळ गुणिले रेट. तसं असतं तर माझी गरजच नव्हती. वाळू कुठून येते, परांची किती उंच बांधावी लागते, पाणी किती दिवस मारायचं, सगळं त्यात येतं. पण सगळ्यात महागात पडते जाडी. बाहेरून साधारण वीस मिलिमीटर धरतात. जाडी दुप्पट झाली की सिमेंटही दुप्पट. आणि जाडी मिस्त्रीच्या मनावर नसते. तो वरून ओळंबा, म्हणजे वजन बांधलेली दोरी, सोडतो, भिंतीवर ठिकठिकाणी सिमेंट-वाळूच्या मसाल्याचे छोटे गोळे लावून ते एका रेषेत आणतो. त्यांना ठिय्ये म्हणतात. भिंत जिथं वाकडी तिथं ठिय्या जाड होतो, आणि मग प्लास्टर त्या ठिय्यांपर्यंत भरावंच लागतं.

मी वीस मिलिमीटर कशावरून धरले होते? ड्रॉइंगवरून. यवतमाळला पंख्याखाली बसून. आमच्या धंद्यातले बहुतेक जण तेच करतात. ड्रॉइंगमधली भिंत कधी वाकडी नसते. ही गोष्ट त्या क्षणी मला आठवली आणि मी भाऊंच्या नजरेला नजर दिली नाही.

आम्ही साइटवर गेलो तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती. ऑक्टोबरचं ऊन असं होतं की डोळे उघडवत नव्हते. दुपारी पूर्वेच्या भिंतीला छान सावली असते. तिथं एकही माणूस नव्हता. सगळे मजूर पश्चिमेला उन्हात बसून डबे खात होते. मी एका बाईला विचारलं, सावलीत का बसत नाही. तिने भाकरीचा तुकडा मोडला आणि माझ्याकडे न बघताच उत्तर दिलं.

"तो कोपरा सुस्कारे सोडते बाई."

मला अशा गोष्टींचा राग येतो. साइटवर भुतं निघाली की काम आठवडाभर बंद पडतं. मी छिन्नी-हातोडी घेतली आणि मिस्त्रीला घेऊन सरळ भिंतीकडे गेले. वरच्या मजल्यापाशी प्लास्टर फोडून मोजलं. वीस मिलिमीटर. मधे फोडलं, बत्तीस. खाली जमिनीजवळ बासष्ट. मसाला चांगला घट्ट होता. पोती खरोखरच भिंतीत होती. मागून आलेले भाऊ नुसती मान हलवत राहिले.

इथं माझं काम संपलं होतं. मिस्त्री निर्दोष, भिंत वाकडी, एस्टिमेट चुकीचं. मी बॅग उचलली तेव्हा मिस्त्री माझ्या मागे येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, थे भिंत पहिले अशी नव्हती."

मी त्याला नीट सांगायला लावलं. पहिल्यांदा ओळंबा सोडला तेव्हा फरक थोडाच होता. ठिय्ये लावले आणि पाऊस आला म्हणून काम थांबलं. आठ दिवसांनी पुन्हा ओळंबा सोडला तर दोरी खालच्या ठिय्यापासून लांब. त्याने तो जाड केला. पुढच्या आठवड्यात पुन्हा लांब. तीनदा असं झालं. शेठला, म्हणजे भाऊंना, सांगितलं तर शेठ म्हणाले, नवी भिंत कुठं सरकते का. शेवटी त्याने घाईघाईने प्लास्टर भरून टाकलं. "म्या ठिय्ये लावत गेलो आन् भिंत सरकून राह्यली," तो म्हणाला. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली.

प्लास्टर पोकळ आहे का हे बघायला आम्ही त्यावर हातोडीच्या दांड्याने ठोकतो. भरीव असेल तर टणक आवाज येतो, सुटलेलं असेल तर बद्द. मी कोपऱ्याकडे ठोकत निघाले. टणक, टणक, टणक. कोपऱ्यापासून हातभर अंतरावर बद्द वाजलं. मी पुन्हा ठोकलं. आतून घोगरा, लांबट आवाज आला. ठोकणं थांबवलं तरी तो चालूच राहिला.

मिस्त्री दोन पावलं मागे सरकला. मी छिन्नी लावली. खपली पडली आणि त्या जागी कापलेल्या लोखंडी पाइपचं तोंड दिसलं. त्यातून हवा येत होती. बाहेर एवढं ऊन, आणि माझ्या तळव्यावर थंडगार, जुन्या ओल्या मातीच्या वासाची हवा. ती थांबे, आणि पुन्हा येई.

"हा पाइप कसला?" मी भाऊंना विचारलं.

भाऊंनी आधी माहीत नाही म्हटलं. मिस्त्री खाली मान घालून उभा होता. मग त्यानेच सांगितलं की पाइप भिंतीतून बाहेर निघाला होता, शेठनी तो कापून प्लास्टरखाली घ्यायला लावला, शोरूमच्या बाजूला वाईट दिसतो म्हणून. भाऊ चिडले. चिडता चिडता बोलून गेले की त्या कोपऱ्यात त्यांच्या वडिलांची विहीर होती. बुजवली तेव्हा म्हाताऱ्याने हट्टाने तळापासून पाइप उभा केला होता. "बुजवली तरी तिले श्वास पायजे म्हने. आता मी काय साड्यांच्या दुकानात विहिरीचा पाइप ठेवू का?"

विहीर कचऱ्याने आणि दगडमातीने भरलेली होती. भोवती आपली काळी माती, पावसाने फुगणारी, उन्हात आकसून फाटणारी. आतला भराव खाली बसत होता, आणि तो बसेल तशी आतली हवा पाइपातून वर ढकलली जात होती. एवढंच. पण याचा अर्थ कोपऱ्याखालचा पाया रिकामा होत होता. मजुरांना जो सुस्कारा ऐकू येई, तो इमारत खाली बसण्याचा आवाज होता. भूत असतं तर बरं झालं असतं, असं मला खरंच वाटलं.

मी शोरूम थांबवायला सांगितलं. भाऊंनी ऐकलं नाही. उद्घाटनाच्या पत्रिका छापून झाल्या होत्या. मी त्यांना एवढंच म्हटलं की निदान एक दिवस थांबा. गच्चीवरून ओळंबा सोडला, खाली भिंतीवर दोरीसमोर पेन्सिलने खूण केली, अंतर लिहून त्यावर तिघांच्या सह्या घेतल्या, आणि गावात लॉजवर राहिले. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला तिघं पुन्हा गेलो. दोरी ज्वारीच्या दाण्याएवढी लांब गेली होती. भाऊ तिच्याकडे बघत राहिले. मग मी त्यांचा हात धरून पाइपाच्या तोंडाशी नेला. त्यांनी तो झटकन मागे घेतला आणि शर्टाला पुसला.

शोरूम पुढे ढकललं. खाली टेकू दिले, कोपऱ्याकडे कुणी फिरकायचं नाही असं ठरलं. बाराव्या दिवशी भरदुपारी शोरूमची फरशी कोपऱ्यात खचली आणि पुरुषभर खड्डा पडला. टेकूंवर वरचा स्लॅब तगला. आत कुणी नव्हतं. उद्घाटनाच्या खुर्च्या तिथंच मांडायच्या होत्या.

पाया नव्याने घेतला. त्या खर्चात असं प्लास्टर कितीतरी इमारतींना झालं असतं. मी मिस्त्रीची माफी मागितली. माझ्या सदतीस आकड्याने त्याला चोर ठरवलं होतं, हे मी त्याला त्याच खोलीत, भाऊंसमोरच सांगितलं.

"तुमी कागद मोजला, म्या भिंत मोजली," तो म्हणाला. आणि मग पहिल्यांदा खुर्चीवर बसला.

आता माझ्या पर्समध्ये ओळंबा असतो. जाडी धरायच्या आधी तो सोडते आणि इथं पूर्वी काय होतं ते विचारते. नव्या प्लास्टरमध्ये मिस्त्रीने पाइपाचं तोंड उघडं ठेवलं आहे. माझ्या मेजरमेंट बुकात ते दिसणार नाही. एवढी लहान जागा आम्ही क्षेत्रफळातून वजा करत नाही, नियमच तसा आहे. कागदावर ती भिंत सलग आहे.

म्हणून पुसदला गेले की मी तिथं हात धरून बघते. गेल्या महिन्यात हाताला हवा लागलीच नाही. तरी मी बराच वेळ उभी राहिले.